अंदमानला निघालात? आधी मुक्काम ठरवा, शहरात की बेटावर

मे महिना अर्धा सरला की ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी येते आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या वडवणीत पेरणीची बोलणी सुरू होतात. आपल्या भागाची अंदमानशी ओळख वर्षानुवर्षं एवढीच. दुसरी ओळख शाळेच्या पुस्तकातल्या काळ्या पाण्याची. अलीकडे मात्र आपल्याकडूनही माणसं तिकडे फिरायला जाऊ लागली आहेत. कुणी निवृत्त गुरुजी सपत्नीक निघतात, कुणी नवं जोडपं, तर कुणी कापसाचे पैसे हातात आल्यावर आईवडलांना एकदा विमानात बसवायचं म्हणून. सगळ्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा आणि दुसरा दिवसांचा. राहायचं कुठे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. सहल मनासारखी होणार की नुसती सामानाची ने-आण होणार, हे त्यावरच ठरतं.

अंदमान हे एक गाव नव्हे. विमान उतरतं ते श्रीविजयपुरम शहरात. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं हे नाव दिलं. त्याआधीचं पोर्ट ब्लेअर हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहेच. तिथून बोटीनं समुद्र ओलांडला की स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही बेटं लागतात. त्यांची जुनी नावं अनुक्रमे हॅवलॉक आणि नील. ती ३० डिसेंबर २०१८ रोजी बदलली. हॉटेलवाले, बोटवाले आणि टॅक्सीवाले आजही दोन्ही नावं वापरतात. म्हणून दोन्ही पाठ ठेवा, नाहीतर एकाच बेटाला दोन बेटं समजून बुकिंगचा घोळ होतो.

शहर की बेट हे ठरवताना मी एकच कसोटी सांगतो. संध्याकाळी पाच ते रात्री दहा तुम्ही काय करणार?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे भूगोल आहे. देशभर घड्याळ एकच असलं तरी अंदमान आपल्या बीड जिल्ह्यापेक्षा सोळा-सतरा रेखांश पूर्वेला आहे. त्यामुळे सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या ठोक्याला सूर्य पाण्यात बुडतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख होतो. आपल्याकडे त्या वेळी माणसं अजून रानातून घराकडे निघालेली नसतात. पुढचे चार-पाच तास शहरात सहज जातात. अबर्डीन बाजारात दुकानं उघडी असतात, घंटाघरापाशी वर्दळ असते, मरिना पार्कला समुद्राच्या कडेनं फेरफटका मारता येतो, सेल्युलर जेलमध्ये ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. बेटावर याच तासांत जेवण असतं आणि लाटांचा आवाज असतो. ज्यांना तो आवाज ऐकत बसायला आवडतं, गप्पांत रात्र काढता येते, त्यांनी बेटावर जास्त राहावं. घरातल्या आजींना सातला मालिका लागतेच आणि पोरांना काहीतरी ‘चालू’ हवं असतं, अशा कुटुंबानं शहरावर जोर द्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

शहराला मात्र कमी लेखू नका. बऱ्याच सहलींच्या वेळापत्रकात विमानातून उतरल्यावर उरलेल्या अर्ध्या दिवसात जेल उरकतात आणि दुसऱ्या पहाटे बोट पकडायला लावतात. मराठी माणसानं तरी ही घाई करू नये. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात इमारती निघाल्या होत्या. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना होती, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसूच नये. कोठडीच्या दारापाशी थांबून कडी पाहा. ती दाराला लागून नाही. लोखंडी पट्टी दारापासून लांब जाऊन भिंतीतल्या खोबणीत शिरते आणि कुलूप तिथे लागतं. आतून गजांमधून हात कितीही लांबवला तरी तो कुलपापर्यंत पोचत नाही. पोरांना तो हात लांबवून बघायला लावा. पानभर वर्णनानं जे कळणार नाही, ते तिथे क्षणात कळतं.

विनायक दामोदर सावरकरांना जुलै १९११ मध्ये इथे आणलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. दोघांना १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत नेलं. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे आणि तिला दुहेरी दार आहे. जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच, ऊन चढायच्या आत वर जाऊन यावं. जाण्याआधी त्यांचं ‘माझी जन्मठेप’ वाचून जा, निदान कोलूची, म्हणजे तेलघाण्याची, प्रकरणं तरी. न वाचता गेलेला माणूस कोलू बघून पुढे सरकतो आणि वाचून गेलेला तिथे थबकतो. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत अशा कुठकुठल्या क्रांतिकारकांची नावं तिथल्या फलकांवर आहेत. तीही सावकाश वाचा. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केली.

जेलसमोरच्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप दिसतं. हेच जुनं रॉस बेट. इंग्रज अधिकाऱ्यांचा सगळा थाट तिथे होता. आता पडक्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी विळखे घातलेत आणि हरणं मोकळी हिंडतात. शहरातून बोटीनं काही मिनिटांत पोचता येतं, म्हणून शहरात मुक्काम ठेवूनही बेट पाहिल्याचं समाधान मिळतं. चॅथमची लाकूड गिरणी १८८३ सालची आहे. सुतारकामाची, लाकडाची आवड असेल तर तिथे तास कसा जातो कळत नाही. नसेल तर सोडा. या ठिकाणांना आठवड्याचा सुटीचा वार असतो. तो हॉटेलात विचारून मगच दिवस लावा.

आता बेटांबद्दल. स्वराज द्वीप मोठं आणि प्रसिद्ध. राधानगर किनारा इथलाच. मऊ पांढुरकी वाळू, पाण्यात हळूहळू उतरत जाणारा तळ आणि मागे उंच झाडांची दाट रांग. किनारा पश्चिमेकडे असल्यानं सूर्यास्त नेमका समोर होतो, पण वर सांगितलेलं घड्याळ विसरू नका. चारलाच तिथे हजर राहिलात तर पाणी, वाळू आणि सूर्यास्त तिन्ही मिळतात. डिसेंबरात पाचला पोचलात तर सूर्य बुडालेला असतो. या बेटावर गावांना आणि किनाऱ्यांना नंबर आहेत. राधानगर सात नंबर, विजयनगर पाच नंबर, मुख्य बाजार तीन नंबर. रिक्षावाला ‘तीन नंबर’ म्हणाला की बाजार समजा. प्रवाळ पाहायला एलिफंट बीच, पाण्याखाली उतरायला स्कूबा, सगळं इथे मिळतं. साहजिकच गर्दीही इथेच. शांत बेट म्हणून निघालेल्या माणसाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे बेट शांत वाटणार नाही.

शहीद द्वीप लहान आणि बरंचसं सपाट. आपल्या शेतकरी वाचकांना मी हेच बेट आधी सुचवेन. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं या बेटांवर जमिनी दिल्या. त्यांनी जंगल साफ करून शेती उभी केली. आज हे बेट भाजीपाल्यासाठी ओळखलं जातं आणि इथली भाजी बोटीनं शहराच्या बाजारात जाते. रस्त्याच्या एका अंगाला वांगी, भेंडी, केळी, सुपारी आणि दुसऱ्या अंगाला निळाशार समुद्र, हे दृश्य आपल्या डोळ्यांना नवं आहे. बांधावर उभं राहून बोललात तर माणसं हिंदीत मोकळेपणानं बोलतात. पाणी कुठून आणता, खत कोणतं, भाव काय मिळतो, हे प्रश्न कुठल्याही भाषेत सारखेच. गावांची नावं रामायणातली, म्हणजे रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. सायकल नाहीतर स्कूटर भाड्यानं घेतली की एका दिवसात बेट फिरून होतं आणि दुसरा दिवस निवांत बसायला उरतो. भरतपूर किनारा धक्क्याला लागूनच आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना लांब जावं लागत नाही. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीतच नीट पाहता येतो आणि वाट शेवाळलेल्या खडकांवरून जाते. म्हाताऱ्या माणसांना तिथे नेऊ नका. भरती-ओहोटीची वेळ हॉटेलवाल्याला रोज विचारा. ओहोटीला काही किनाऱ्यांवर पाणी इतकं मागे जातं, की पोहायला आलेल्या माणसाला खडक तुडवत बसावं लागतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपल्याकडची पोरं विहिरीत सूर मारतात, माजलगाव धरणाच्या पाण्यात डुंबतात. त्या भरवशावर समुद्रात शिरू नका. समुद्राला ओढ असते आणि ती वरून दिसत नाही. अंदमानच्या खाड्यांत मगरीही आहेत. जिथे जीवरक्षक उभे असतात आणि पोहायला परवानगी असते, तिथेच आणि उजेड असेपर्यंतच पाण्यात उतरा. बोटीत दिलेलं लाइफ जॅकेट गरम होतं म्हणून काढून मांडीवर ठेवू नका.

मग वाटणी कशी करायची? सहा रात्री असतील तर पहिल्या दोन शहरात, मधल्या तीन एकाच बेटावर आणि शेवटची पुन्हा शहरात. माझं मत यात पक्कं आहे. पॅकेजमध्ये बहुधा एक रात्र स्वराज आणि एक रात्र शहीद अशी विभागणी असते, कारण दोन बेटांची नावं छापली की जाहिरात भरगच्च दिसते. प्रत्यक्षात बॅगा भरणं, धक्क्यावर रांगेत उभं राहणं, बोट, पुन्हा टॅक्सी, खोली ताब्यात मिळेपर्यंत दुपार. दोन्ही बेटं अर्धवट होतात. दुसरं बेट बघायचंच असेल तर पहिल्या बेटावरच तळ ठेवून एक दिवस जाऊन या. दोन बेटांमध्ये बोटी चालतात. शहरात राहून स्वराज द्वीपला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असा बेतही काहीजण पैसे वाचवायला करतात. त्यात राधानगरचा सूर्यास्त हुकतो आणि वाचलेले पैसे दोन वेळच्या बोटीत जातात. तसं करण्यापेक्षा बेट सोडून द्या आणि शहर नीट पाहा.

शेवटची रात्र शहरातच, हा नियम मात्र कुणासाठीही मोडू नका. समुद्र खवळला, वारा सुटला, की बोटी रद्द होतात. बोट रद्द झाली तर पुढची मिळेल तेव्हा मिळेल, विमान तुमच्यासाठी थांबत नाही. दुपारचं विमान आहे, सकाळची बोट पकडू, असं कागदावर छान जमतं. ते हवेवर सोडू नका.

आजारपणाचा विचारही इथेच करा. गोविंद वल्लभ पंत यांच्या नावाचं मोठं सरकारी रुग्णालय शहरात आहे. बेटांवर उपचाराची सोय प्राथमिक स्वरूपाची. कुणाला हृदयाचा त्रास असेल, डायलिसिस चालू असेल, सून गरोदर असेल, तर मुक्काम शहरात आणि बेटाचा हट्ट नको. बीपी-शुगरच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्तीच्या न्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा. पहिल्यांदा समुद्रावर जाणाऱ्या आपल्या माणसांना ती बहुतेक लागतेच.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोट स्वस्त, जरा संथ, पण डेकवर उभं राहून समुद्र पाहता येतो. खासगी बोटी वेगवान, वातानुकूलित आणि महाग. त्या दीड तासाच्या आसपास स्वराज द्वीपला नेतात, सरकारी बोटीला अडीच तास धरा. मळमळणाऱ्यानं मागच्या किंवा मधल्या जागी बसावं. पुढच्या टोकाला हेलकावे जास्त. तिकिटाला आणि चढताना ओळखपत्र लागतं. प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड जवळ असू द्या. सुटीच्या हंगामात बोटीचं तिकीट हॉटेलच्याही आधी काढा. खोली कुठेतरी मिळते, बोटीतली जागा मिळत नाही.

कधी जायचं? जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. हवा कोरडी आणि समुद्र शांत. शिक्षकांना आणि शाळकरी मुलांच्या घरांना दिवाळी नाहीतर मे एवढेच पर्याय उरतात. दिवाळीत बंगालच्या उपसागरात वादळांचा हंगाम असतो, म्हणून हाताशी एक मोकळा दिवस राखून ठेवा. मे महिन्यात जायचं तर पहिल्या आठवड्यात जाऊन या. मान्सूनची बातमी ऐकून निघालात तर बेटावर नुसतं खोलीत बसावं लागेल.

वडवणीहून जायला मला सोयीचा वाटतो तो हैदराबादचा मार्ग. तेलगावमार्गे परळी गाठायची, तिथून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे आणि हैदराबादहून विमान. चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू इथूनही विमानं जातात. पुण्याहून निघायचं असेल तर बहुधा वाटेत विमान बदलावं लागतं. बीडहून अहिल्यानगरपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे सुरू झाली असली तरी विमानाच्या वेळेशी ती जुळते का ते पाहूनच तिच्यावर अवलंबून राहा. चेन्नई-कोलकात्याहून जहाजही जातं, पण त्यात दोन-तीन दिवस जातात. पहिल्याच खेपेला ते नको.

खाण्याचे हाल होत नाहीत. शहरात इडली-डोशापासून उत्तर भारतीय थाळीपर्यंत सगळं आहे. बेटांवर बंगाली पद्धतीचा भात, डाळ, मासळी. शाकाहारी माणसानं खोली ठरवतानाच जेवणाचं विचारून घ्यावं. भाकरी मात्र कुठेच मिळणार नाही. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असली की म्हातारी माणसं खूश राहतात. समुद्राखालची केबल २०२० मध्ये आल्यापासून शहरात इंटरनेट सुधारलं. बेटांवर ते बेभरवशाचं, एटीएमही मोजकी. रोख रक्कम शहरातूनच काढून न्या, मोबाइलवर पैसे पाठवायच्या भरवशावर राहू नका.

वाटेत कुणी बाराटांगची सहल गळ्यात मारेल. चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतली बोट सुंदर आहे, पण पहाटे तीन-चारला निघून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानं जावं लागतं. ‘रस्त्यात जारवा दिसतील’ असं आमिष दाखवणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका. त्यांचा फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे. आणि ती माणसं आहेत, आपल्याला बघायला ठेवलेली नाहीत. किनाऱ्यावरचे शंख आणि पोवळ्याचे तुकडेही पिशवीत घालू नका, ते न्यायला बंदी आहे.

हाच हिशेब दूरच्या बेटांनाही लागू पडतो. अमेरिकेत असलेली मुलं हल्ली आईवडलांना वेस्ट इंडिजला नेतात. मार्च १९७१ मध्ये गावसकर पहिली कसोटी खेळले ते पोर्ट ऑफ स्पेन त्रिनिदाद बेटावरचं गजबजलेलं बंदर. त्याच देशातलं टोबॅगो हे निवांत बेट. तिथेही संध्याकाळ शहरात घालवायची की बेटावर, हेच आधी ठरवावं लागतं. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, तेवढा टाळायचा.

आता तुमच्या अंदमानकडे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सहल कंपनीकडून एक कागद लिहून घ्या. कोणती रात्र कोणत्या ठिकाणी, बोट कोणती, किती वाजता, आणि बोट रद्द झाल्यास त्या रात्रीच्या खोलीचं काय. शेवटच्या रात्रीपुढे श्रीविजयपुरम लिहिलेलं नसेल, तर पैसे देऊ नका.